रूपालीनं रंगवलेला गोल

बाई, तुम्ही हातानं लिहून दिलेल्या पाच पेपरांपैकी तीन सोडवून झाले. चौथा घडी घालून फळीवर ठेवलाय. त्याला तुम्ही लावलेली टाचणी अजून तशीच आहे. रूपाली रोज त्याच्याकडं बघते आणि दुसरं काहीतरी काम शोधते. काल तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुतली. तिच्या दहावीच्या फेरपरीक्षेला सोळा दिवस राहिलेत. तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले.

मी तुमच्या पिरंगुटच्या घरी आले होते. बायका बसल्या होत्या त्यांच्या मागं, दाराशी, चपलांजवळ बसले. तुमच्या सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" मला सांगायचं होतं की मी त्यांच्या जुन्या शाळेत खिचडी शिजवते, पाच वर्षं बाई माझ्या हातचं जेवल्या, माझी पोरगी आत्ता आत्तापर्यंत दर रविवारी इथं ह्याच ओट्यावर बसून गणितं करत होती. तोंडातून एवढंच आलं, "शाळंतली." त्यांना वाटलं मी शिक्षिका असेन. "पुढं या, बाई," म्हणाल्या. मी जागची हलले नाही. थोड्या वेळानं उठून आले.

कशानं गेलात तेही मला नीट कळलेलं नाही. कोण म्हणतं नुसता ताप होता, कोण म्हणतं रक्त कमी झालं होतं. गणपतीतल्या गौरी उठल्या तेव्हा तुम्ही बऱ्या होतात. पाचव्या दिवशी नव्हतात. मी कुणाला विचारायला गेले नाही. विचारायचं कसं तेच मला येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याशी माझं जे काही बोलणं झालं ते शाळेच्या खिचडीच्या शेडमधून, खिडकीच्या गजांतून. तुम्ही वर्गात, मी चुलीपाशी. मध्ये गज असले की मला बोलता यायचं. म्हणून आता वहीवर लिहितेय. ही रूपालीचीच वही आहे, मागची पानं कोरी राहिली होती.

आपली शाळा चौथीपर्यंतच. मीही तिथंच चौथी झाले आणि घरी बसले, कारण पाचवीचा वर्ग नदीपलीकडं होता आणि पावसाळ्यात नदी कुणाला जाऊ देत नसे. बचत गटाकडं खिचडीचं काम आलं तेव्हा मी इतक्या वर्षांनी त्या शाळेत परत गेले. तुम्ही पहिल्याच दिवशी खिडकीशी येऊन म्हणालात, "मावशी, खरवड निघाली तर टाकू नका हं, मला ठेवा." पातेल्याच्या तळाची जळकी खिचडी मागणारी मास्तरीण मी पहिल्यांदाच बघत होते. मग रोज ठेवत गेले. तुम्ही मला कधी मावशीच म्हणायचात, कधी मंदाताई. आपण बहुतेक एकाच वयाच्या होतो.

एकदा तुम्ही मला गणित घातलं होतं, आठवतं? पाटीवर लिहून पाटी गजातून आत दिलीत. एका मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, तर त्रेसष्ट मुलांना किती? मी पाटी धरून उभी राहिले. वर्गातली पोरं बघायला लागली, तशी पाटी तुम्हाला परत दिली.

"अहो, रोज हेच तर करता की तुम्ही!"

"करते. पन कागदावर न्हाई करत."

"आज किती पोरं आलीत?"

"अठ्ठावन. पाच न्हाई आली. म्हनून दोन वाट्या नि दोन मुठी कमी टाकलं."

तुम्ही हसता हसता खाली बसलात. "मंदाताई, तुम्ही पास," म्हणालात. मी म्हटलं, "पाटीवर तर नापास झाले." आपल्या भांडणाची सुरुवात तिथं झाली असं मला आता वाटतं.

भांडण कसलं, दोन माणसांनी पाच वर्षं थोडं थोडं बोलत ठेवलेली एकच गोष्ट. तुमचं म्हणणं, परीक्षेसारखं गरिबाला दुसरं काही नाही. माझं म्हणणं, पोराला काय येतं ते परीक्षेला दिसत नाही. मी हे एवढं सरळ कधीच म्हणाले नाही. "पन बाई," एवढं म्हणायचे आणि पातेलं घासायला लागायचे.

तपासणीचा दिवस मात्र मी तुम्हाला कधी बोलून दाखवला नाही. साहेब येऊन पोरांना वाचायला लावणार, गणितं घालणार आणि त्यावरून शाळेला शेरा मिळणार होता. तुम्ही सकाळीच काशीला आणि तिच्या धाकट्या भावाला शेडमध्ये आणून बसवलंत. "मावशींना तांदूळ निवडायला मदत करा," म्हणालात. माझ्याकडं बघितलं नाहीत. दोघंही निवडत बसली. आत पोरं कविता म्हणत होती. काशीनं खडा बाजूला टाकत विचारलं, "मावशे, आमी ढ हाय म्हनून का गं हितं बसवलंय?"

मी म्हटलं, "न्हाई गं, तुला निवडता चांगलं येतं म्हनून."

ती म्हणाली, "मंग सायबाला हे का न्हाई दाखवत?"

शेरा चांगला मिळाला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, खरवड पातेल्यात तशीच राहिली. मला तुमचा राग आला होता, बाई. आणि खिडकीतून तुमची पाठ दिसत होती, ती बघून राग धरताही येईना.

त्याच वर्षी, दोन हजार चारच्या माघात, तुम्ही रूपालीला तालुक्याच्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलंत. आपल्या गावातून ती एकटीच. नंबर लागला तर पाचवीपासून दहावीपर्यंत तिथंच राहणं, जेवण, शिकणं. नदीचा प्रश्नच उरत नव्हता. तुम्ही तीन महिने तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंत. प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर, त्याचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा. पोरगी घरी आली की राखेत बोटानं गोल काढायची आणि रंगवायची.

परीक्षा झाल्यावर तुम्ही शाळेच्या पायरीवर बसून प्रश्नपत्रिकेवर तिनं काय काय केलं ते विचारत होतात. मी चूल विझवत होते. एका प्रश्नाशी तुम्ही थांबलात. शेतात आग लावली तर काय होईल? जमीन सुपीक होईल, पीक नष्ट होईल, पाऊस पडेल, काहीच होणार नाही.

"रूपा, कितवा गोल काळा केलास?"

"पयला."

"जमीन सुपीक होईल?"

"व्हय बाई."

तुम्ही डोक्याला हात लावलात. "अगं, आग लावल्यावर पीक जळेल का चांगलं येईल? एवढं सोपं चुकवलंस?"

मी शेडमधून बाहेर आले आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. तीन महिने बाई तुझ्यासाठी मरतायत, आणि तू असलं लिहून येतेस, असं काहीतरी बोलले. पोरांसमोर कधी आवाज न काढणारी मी ओरडले. रूपाली रडली नाही. ती म्हणाली, "आये, आपन राब भाजतो ना गं?"

आणि मी, जिनं लग्नाआधीपासून दर चैत्रात शेण थापलंय, टहाळ तोडलाय, पालापाचोळा पसरलाय, वर माती टाकलीय, वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवलंय, आणि त्याच भाजलेल्या तुकड्यात पेरलेलं भाताचं रोप सगळ्यात जोमदार आलेलं बघितलंय, ती मी तिला म्हणाले, "गप बस. बाईंना जास्ती कळतं."

बाई, ह्याची मला रोज लाज वाटते. तुम्ही सोलापूरकडच्या, तिकडं ज्वारी, तुम्हाला राब माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होता.

दीड महिन्यानं मी गजांतून तुम्हाला म्हटलं, "उद्या आमच्या वावरात या." एवढंच. तुम्ही सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन आलात. राब धुमसत होता. रूपालीचे वडील फांदीनं कडेची आग आवरत होते. तुम्ही विचारलंत, हे काय करताय, आणि ते त्यांच्या पद्धतीनं सांगत बसले, की हितलं तण जळतं, किडं मरत्यात, माती मऊ व्हती, मंग रोप कसं तरारून वर येतंय बघा. रूपाली तुमच्या शेजारी उभी होती. तुम्ही छत्री मिटलीत. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "तुझं बरोबर होतं गं."

मला म्हणालात, "मी लिहिते त्यांना. असा प्रश्न ह्या भागात घालू नका म्हणून लिहिते."

तुम्ही ते पत्र लिहिलंत का? मी कधी विचारलं नाही. विचारलं तर तुम्हाला वाटेल मी हिशेब मागते, असं वाटायचं. आता विचारायला कुणी नाही.

वैशाखात निकाल लागला. रूपालीचा नंबर पाच गुणांनी हुकला. एक प्रश्न दोन गुणांचा. तुम्ही मला सगळं समजावून सांगितलंत. "मंदाताई, त्या राबाच्या प्रश्नानं ती गेली असं मनात धरू नका. तो बरोबर धरला असता तरी तीन गुण कमीच पडले असते. बाकीचे अकरा तिनं खरंच चुकवलेत."

मी म्हटलं, "व्हय."

"मग अशा का बघताय?"

"पन बाई, जे तिला येत हुतं ते तरी तिला येतंय म्हनायला पायजे हुतं ना कुनीतरी."

त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा तुमच्या वडलांचं सांगितलंत. बाजारच्या गावात चपला शिवायचे ते. शाळेत तोंडी परीक्षा असली की गुरुजी तुम्हाला सगळ्यात शेवटी उभं करायचे आणि वेळ संपला म्हणून बसवायचे. तुम्हाला सगळं येत होतं हे गुरुजींना माहीत होतं, तरी. मग सातवीची परीक्षा आली. पेपर तपासायला दुसऱ्या तालुक्यात गेले. "तपासणाऱ्याला माझं आडनाव दिसलं नाही, मंदाताई. नंबर दिसला नुसता. मी केंद्रात पहिली आले. परीक्षा आंधळी आहे म्हणून मी इथं उभी आहे. डोळे असलेल्यांनी मला चपलांपाशी बसवलं होतं."

तुमचं खरं होतं. पण आंधळी आहे म्हणून तिला तुमचं आडनाव दिसलं नाही, आणि आंधळी आहे म्हणूनच तिला आमचा राबही दिसला नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय. तुम्ही असतात तर ह्याच्यावरही काहीतरी बोलला असतात आणि मी पुन्हा पातेलं घासायला लागले असते.

रूपाली पुढं शिकली. सातवीपर्यंत नदीपलीकडं, मग एसटीनं पौडला. पण त्या परीक्षेनंतर तिला एक सवय लागली, ती मी बघत होते आणि काही करू शकले नाही. ती उत्तर लिहायची आणि खोडायची. पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. तिच्या वह्यांची पानं खोडरबरानं पातळ झालेली असायची, मध्येच भोक पडायचं. घरातलं काही तिनं परत कधी शाळेत नेलं नाही. वर्गात हात वर करायची बंद झाली. सर म्हणायचे, मुलगी शांत आहे. शांत मी आहे, बाई. ती शांत नव्हती. राखेत गोल काढताना ती गाणी म्हणायची.

तुमची भऱ्याला बदली झाली तेव्हा ती आठवीत होती. दहावीला गणितात राहिली. तिनं मला सांगितलं, "आये, तीन गणितं पयल्यांदा बरोबर आलती. मी काट मारली नि दुसरं लिवलं." तिचे वडील म्हणाले, "एकदा आक्टोबरला बसू दे. न्हाई जमलं तर उरवड्याच्या कंपनीत सुमीसंगं खोकी भराया जाईल. तितं कुनी पेपर घेत न्हाई." ते वाईट मनानं म्हणाले नाहीत. त्यांना पोरीचं तोंड बघवत नव्हतं. सुमी आमच्या शेजारची, कंपनीच्या गाडीनं सकाळी जाते.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडं तरी काही मागायला गेले. भऱ्याच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिले, शाळा सुटेपर्यंत. तुम्ही बाहेर आलात, मला बघितलंत, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, "कितीत राहिली?"

"गनितात."

"रविवारी पाठवा."

पाच रविवार ती आली तुमच्याकडं. तुम्ही पाच पेपर लिहून दिलेत आणि उत्तरं तुमच्या लाल वहीत ठेवलीत, म्हणजे तिनं आधी बघू नयेत. ती सोडवून आणायची, तुम्ही तपासायचात. ती मला सांगायची, की तिनं "बाई, बरोबर हाय का?" विचारलं की तुम्ही उलट विचारता, "तुला काय वाटतं?" आणि मग तिला काही बोलता येत नाही. "लई वेळ बसून राहत्यात तशाच, माझ्याकडं बघत," म्हणायची. "मला न्हाई आवडत, आये."

मला कळलं तुम्ही काय करत होतात. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या पायरीवर जे झालं ते तुम्ही परत उलटं करत होतात. तुम्ही ते विसरला नव्हतात, हे बघून मला रडू आलं होतं. तेही तुम्हाला सांगितलं नाही.

शेवटच्या रविवारी मी तिला न्यायला आले होते. तुम्ही ओट्यावर बसून शेंगा सोलत होतात. म्हणालात, "खरवड मिळत नाही हो भऱ्याला. तिथल्या मावशी जळूच देत नाहीत." मग उठून आत जाता जाता म्हणालात, "आपलं भांडण राहिलंय, मंदाताई. पोरीला पास होऊ दे, मग निवांत भांडू."

मी म्हटलं, "पन बाई," आणि हसले. तेवढंच.

लाल वही तुमच्या घरी आहे. ती मागायला मी येऊ शकत नाही. ज्या घरात मला "शाळंतली" एवढंच सांगता आलं, तिथं आत्ता जाऊन वही कशी मागू? रूपालीला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "बाई न्हाईत, तर मी बसतच न्हाई परीक्षेला. जाऊ दे. मी सुमीला ईचारलंय." तिनं खरंच विचारलंय. सुमीनं येऊन मला सांगितलं, पहिल्या तारखेपासून घेतायत.

आज शाळेला सुट्टी होती. सकाळी भाकरी झाल्यावर मी फळीवरून तो पेपर काढला आणि टाचणी काढली. रूपाली म्हणाली, "काय करतीस?" मी चुलीपुढं बसले आणि तुमचं अक्षर वाचायला लागले. तुमचं अक्षर मला वाचता येतं, शाळेच्या फळ्यावर पाच वर्षं बघितलंय. पहिला प्रश्न, दोन लागोपाठच्या सम संख्यांचा गुणाकार एकशे अडुसष्ट आहे, तर त्या संख्या कोणत्या? मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना अडखळले, तेव्हा ती जवळ येऊन बसली.

तिनं बराच वेळ लिहिलं. "बारा नि चौदा," म्हणाली. "बरोबर हाय का?"

चौदाचा पाढा मला येतो, तुमच्याच शाळेतला आहे. मी मनात म्हणून बघितला. "बरोबर," म्हटलं. तिला खरं वाटलं नाही, पण ती उठलीही नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र सगळी अक्षरंच होती. मी जसं दिसलं तसं वाचलं. एक्सचा वर्ग, वजा आठ एक्स, अधिक पंधरा, बरोबर शून्य. तिनं सोडवलं. वही माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, "बरोबर हाय का?"

मला काहीच कळत नव्हतं. तिथं तांदूळ नव्हते, पाढा नव्हता. मी तुमच्यासारखं म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. तिच्या डाव्या हातात खोडरबर होता. तिनं तो उत्तरापाशी नेला, आणि मला तिचा हात धरता येईना, कारण ते उत्तर चूक असेल तर? ते खोडलं जायच्या आत मी ते डोळ्यांनी पाठ केलं, आणि ती पाणी आणायला गेलीय तोवर इथं उतरवून ठेवतेय.

एक्स बरोबर तीन, किंवा एक्स बरोबर पाच.

हे बरोबर आहे का, बाई?